कानिओचा वशिला

हॉलच्या दारात सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले, तेव्हा इलेनियाला उलट बरंच वाटलं होतं. आईचा फोन तरी येणार नाही. काही खाल्लंस का, पोट दुखतंय का, खिडकीपाशी बसू नकोस, वारं लागेल! परीक्षा बाजूलाच राहिली असती.

 समोर परीक्षा घेणाऱ्या प्रोफेसर लाविएरीबाई उभ्या होत्या. केस पांढरे, बारीक कापलेले, आवाज साधाच, पण मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा नीट बसला.

"तुमच्या छातीवर नंबर आहेत, नावं नाहीत," त्या म्हणाल्या. "मला कुणाचंही नाव ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचं नाही. या कोर्सला पैसा युरोपचा आहे, नियमही तिथूनच आलेत, आणि या खेपेला मी ते पाळणार आहे. कुणासाठी कुणीही शब्द टाकला, फोन केला, भेटायला आलं, तर तो नंबर बाद. चर्चा नाही. मी याच डोंगरातली आहे बरं का. इथं कामं कशी होतात ते मला शिकवू नका."

दोघातिघांनी खाली मान घालून हसून घेतलं.

"सतरा नंबर," बाई म्हणाल्या. "उभे राहा. तुम्ही जाऊ शकता."

सतरा नंबरचा उंच पोरगा उठला. "मी? का?"

"तुमच्या नगरसेवक काकांनी सकाळी माझ्या घरी फोन करून तुमचा नंबर सांगितला."

"अहो, पण मी नव्हतं सांगितलं त्यांना! आईशप्पथ!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "तरीही जा."

पोरगा लाल होऊन उभाच राहिला. मग त्यानं जाकीट उचललं, खुर्चीला लाथ मारली आणि गेला. दार आपटलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

इलेनियानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. तिच्या घरात ना नगरसेवक, ना काका. भाऊ जर्मनीत, बाप जंगलखात्यात हंगामी मजूर. ती स्वतः एकोणतीस संपवत आलेली. साहित्यात पदवी घेतली आणि मग केलं काय, तर टोमॅटो भरले, कॉफी ओतली, फोनवरून लोकांना वीज कंपन्या बदलायला सांगून शिव्या खाल्ल्या. संगणकाचं सगळं तिनं घरीच शिकून घेतलं होतं, जुन्या लॅपटॉपवर, फार्मसीच्या पायरीवर बसून. कारण अख्ख्या पिएत्रामारात इंटरनेट धड चालायचं ते तिथंच. हा कोर्स मिळाला तर सहा महिने शिक्षण, वर विद्यावेतन, आणि नंतर गाव न सोडता नोकरी. नाही मिळाला तर पुढच्या महिन्यात तिशी, आणि तिशीच्या पुढं ही दारं बंद. मग जर्मनीत, श्टुटगार्टला मामाच्या आईस्क्रीमच्या दुकानात उभं राहायचं. मामानं खोली रिकामी करून ठेवलीच होती.

"दहा मिनिटांनी सुरू करू," बाई म्हणाल्या. "आता बाहेर गेलेला माणूस परत आत येणार नाही."

इलेनियानं खिडकीबाहेर पाहिलं.

चौकातून तिचा बाप येत होता.

चुकायला जागाच नव्हती. लग्नातला काळा कोट, आता बटणं न लागणारा. डोक्यावर टोपी. आणि बगलेत, दोरीनं गळ्याशी बांधलेलं, भोपळ्याएवढं काचोकावाल्लो चीज! घरात आढ्याला टांगून वर्षभर जपलेलं, आईनं कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं ते.

अरे देवा, ती मनात ओरडली. बाबा, नका. नका ना!

ती आपल्या बापाला, कानिओला, ओळखून होती. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्याच्या उभ्या आयुष्यात एकही गोष्ट शब्द टाकल्याशिवाय झाली नव्हती. जंगलातलं काम मिळालं ते खासदाराच्या ड्रायव्हरला कोकरू पोचवून. आईच्या ऑपरेशनला खाट मिळाली ती पाद्रीबाबांच्या चिठ्ठीवर. घराला विजेचा मीटर लागला तो सासऱ्याच्या मित्राच्या मेहुण्यामुळे. हात हलवत एखाद्या कचेरीत जाणं म्हणजे त्याच्या लेखी देवळात अंडरवेअरवर जाणं. पोरीची परीक्षा आहे आणि बाप घरी बसलाय? लोक तोंडात शेण घालतील!

तो दिसेनासा झाला. म्हणजे इमारतीत शिरला.

इलेनिया अर्धवट उठली. उठून जायचं तर परीक्षा गेली. बसून राहायचं तर तो येऊन तिचं नाव घेणार, आणि परीक्षा गेलीच. मोबाईल दारापाशी खोक्यात. खिडकी उघडून ओरडायचं? मग तर अख्ख्या पोतेन्झा शहराला कळेल. ती परत बसली. 

जिन्यावरून त्याचा आवाज आला. खालच्या शिपायाशी बोलत होता. "डॉक्टरसाहेब, जरा विचारायचं होतं..." टाय लावलेला प्रत्येक माणूस त्याच्यासाठी डॉक्टर. शिपाई काहीतरी पुटपुटला. "किती मेहेरबानी, डॉक्टरसाहेब. देव तुमचं भलं करो."

मग पावलं. गुडघा दुखणाऱ्या माणसाची, एक जड, एक हलकं.

येऊ नका, बाबा. चुकीच्या मजल्यावर जा. चक्कर येऊन पडा. काहीही करा. आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, की आपण बापाला पडायला सांगतोय.

दार उघडलं.

"माफी असावी सगळ्यांची," कानिओ टोपी काढून म्हणाला. "प्रोफेसर लाविएरीबाईंना भेटायचं होतं. दोनच मिनिटं."

"मीच," बाई म्हणाल्या.

"वा! काय भाग्य!" तो पुढं आला, चीज दोन्ही हातांवर, बारशाला बाळ आणावं तसं. "बाईसाहेब, आम्ही डोंगरातली साधी माणसं. हे घरचं आहे. विकतचं नाही हो, आमच्याच गाईचं. काही मागायला नाही आलो. फक्त एवढंच सांगायला की..."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो थांबला. "एक शब्दही पुढं बोलू नका. कुणासाठी आलात तुम्ही?"

प्रश्न विचारला आणि बाईंच्याच लक्षात आलं असावं की तो विचारायला नको होता. पण आता सुटला होता.

कानिओचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, झालं काम! बाई स्वतःच विचारतायत. त्याची नजर बाकांवरून फिरायला लागली, एकेका चेहऱ्यावरून, पोरीला शोधत. आणि सापडली. खिडकीपाशी. तो हसला.

इलेनियानं मान हलवली. इतकी थोडी, की शेजारणीलाही कळू नये. डोळे मोठे केले. नको, बाबा.

त्याला काही कळलं नाही. तो हसतच राहिला. त्याला वाटलं, पोरगी लाजतेय.

बाईंनी त्याच्या नजरेमागं नजर नेली. "खिडकीजवळच्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "या गृहस्थांना ओळखता?"



"नाही," इलेनिया म्हणाली.

तो शब्द कसा बाहेर पडला तिला कळलं नाही. नीट, स्पष्ट, मोठ्यानं पडला. दुसऱ्याच कुणाचा आवाज वाटावा असा.

कानिओचं हसू लगेच गेलं नाही. ओठ तसेच राहिले, डोळ्यांतलं मात्र निघून गेलं. त्यानं पोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग सगळ्यांच्या छातीवरच्या नंबरांकडे, मग परत पोरीकडे. माणूस अडाणी असेल, पण मूर्ख नव्हता. काहीतरी बिघडतंय आणि ते आपल्यामुळे, एवढं त्याला उमगलं.

"छे हो," तो म्हणाला. "या पोरीला कुठून ओळखणार मी? चूकच झाली माझी. मला सरकारी दवाखान्यात जायचं होतं. गुडघ्याचं दाखवायला. हे तिथल्या डॉक्टरांसाठी."

"दवाखाना पलीकडच्या गल्लीत," बाई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बारकाईनं बघत होत्या.

"पलीकडच्या! बघा, म्हातारपण म्हणतात ते हेच."

"आजोबा," मागून एक जण ओरडला, "चीज इथंच ठेवून जा ना, आम्ही तपासतो गुडघा!"

सगळे खो खो हसले. इतका वेळ ताण होता, तो असा निघाला. कानिओही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. टोपी डोक्यावर घालायला गेला, हातात चीज, जमेना. शेवटी टोपी दातांत धरून त्यानं कोपरानं दार लोटलं. ते बघून पोरं आणखीच हसली.

इलेनिया हसली नाही. पण उठलीही नाही.

परीक्षा सुरू झाली. एका दुकानाचं संकेतस्थळ दिलं होतं. गिऱ्हाइकांनी मागवलेला माल मधेच कुठंतरी गळत होता, तो कुठं ते शोधून दुरुस्त करायचं. पहिला कितीतरी वेळ तिला पडद्यावर अक्षरंच दिसेनात. दातांत धरलेली टोपी तेवढी दिसत होती. रडू येत होतं. आणि तिला स्वतःचा इतका संताप आला, इतका संताप, की तिनं दातओठ खाऊन काम हातात घेतलं. आता हे गेलं तर ती सकाळ फुकटची गेली. बापाला नाही म्हटलं ते फुकट म्हटलं. तिनं एकेक धागा उलगडला. चूक सापडली. तिच्यामागे लपलेली दुसरीही सापडली, जी विचारलीच नव्हती. ती दुरुस्त केली तेव्हा मानेवरून घामाचा ओघळ गेला.

दुपारी लाविएरीबाईंनी निवडलेले आठ नंबर वाचले. तिचा दुसरा होता. शेजारच्या पोरीनं तिला मिठी मारली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती मोबाईल घेऊन जिना उतरली आणि धावत सुटली.

बसस्टँडवर तो बाकाच्या टोकाला बसला होता. चीज मांडीवर. पहाटेपासून पोटात काही नसणार.

"लांब बस," तो तोंड फिरवून पुटपुटला. "ती बाई समोरच्या बारमध्ये कॉफी पितेय. बघेल."

"बाबा..."

"बाबा म्हणू नकोस! झालं काय ते सांग."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "लागला नंबर."

 त्यानं मांडीवरचं चीज सरळ केलं. मग म्हणाला, "कुणी टाकला शब्द?"

"कुणीच नाही."

"टाकला असणार कुणीतरी. कळेल मागाहून. जाऊन आभार मानून येऊ."

"कुणीच नाही हो बाबा! मी केलं. माझं मी."

त्यानं ते ऐकून घेतलं. ऐकलं खरं, पण कुठं ठेवावं ते त्याला कळेना. टोपी काढली, परत घातली.

लाविएरीबाई बारमधून बाहेर पडल्या आणि रस्ता ओलांडून सरळ त्यांच्याच दिशेनं यायला लागल्या. कानिओ झटकन उठला, पाठ फिरवून गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लागला. चष्मा घरी होता. एक अक्षर दिसत नव्हतं त्याला.

इलेनियाला वाटलं, बसून राहावं. आजचा दिवस जाऊ दे. सोमवारी वर्ग सुरू झाला की मग कुणाच्या बापाची भीती नाही. पाय मात्र उठले. ती गेली आणि तिनं बापाच्या कोटाची बाही धरली.

"वेडी का खुळी तू!" तो दबक्या आवाजात ओरडला. "सोड!"

"प्रोफेसरबाई," ती म्हणाली.  "हे माझे वडील. सकाळी मी खोटं बोलले."

बाई थांबल्या. त्यांनी कानिओकडे पाहिलं, बटण न लागणाऱ्या कोटाकडे पाहिलं. 

"सकाळी एक गृहस्थ आले आणि कुणाचंही नाव न घेता गेले," बाई म्हणाल्या. "जे घडलं, तेच मी लिहिलंय." त्या निघाल्या, आणि परत वळल्या. "तुम्ही नाही म्हणालात, ते मात्र मी ऐकलं. त्याच्यासाठी माझ्याकडे नियम नाही. सोमवारी नऊ वाजता या."

त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग इलेनिया रडायला लागली. "मला माफ करा, बाबा. सगळ्यांसमोर..."

"अगं, बरोबर केलंस. दुसरं काय करणार होतीस?"

"तुम्हाला लागलं असेल."

"लागलं," कानिओ म्हणाला. "खोटं कशाला बोलू?" तो बाकावर बसला आणि तिला शेजारी ओढून घेतलं. बुटांकडे बघत तो म्हणाला, "पण इथं बसून सकाळपासून मी दुसराच विचार करत होतो. तुझ्या आईला मी रोज सांगायचो, पोरगी हुशार आहे, तिला कुणाची गरज नाही. बारमध्ये चार लोकांत छाती फुगवून सांगायचो. तुलाही सांगायचो, नाही का?"

"सांगायचात."

"आणि पहाटे उठून कोट चढवला." त्याचा आवाज फुटला. "मला वाटलंच नव्हतं गं, इले, तुला जमेल म्हणून. एकदाही नाही वाटलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सकाळचा तिचा तो शब्द त्याला जितका लागला असेल, तितकंच हे तिला लागलं.  पण बाहीवरचा हात तिनं काढला नाही.

बस आली, दार उघडलं. "पिएत्रामारा?" ड्रायव्हरनं विचारलं आणि दोनदा हॉर्न दिला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.