दुसऱ्या फेरीची सही

मित्रांनो, मला ओळखलंत? कसं ओळखणार! अंगावर आता रंग कमी आणि गंज जास्त. मी एक जुनी मिनीव्हॅन आहे. कॅनडात, टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या एका घराच्या ड्राइव्हवेवर, बर्फात चाकं रुतवून उभी आहे. या आठवड्यात मला न्यायला भंगारवाला येणार आहे म्हणे. येऊ दे बापडा. इतकी वर्षं मी निमूट ऐकून घेतलं, तो यायच्या आधी जरा माझंही ऐका.

माझा जन्म विंडसरचा. नदीच्या पलीकडे डेट्रॉइट दिसतं, तिथल्या कारखान्यात मी घडले. दोन हजार सहा साली रवींद्र आणि जयंती या पुण्याच्या जोडप्याने मला घेतलं, तेव्हा त्यांची गौरांगी दुसरीत होती. शोरूमच्या अंगणातच जयंतीने माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. तो विकणारा गोरा मुलगा 'इज दॅट नॉर्मल?' अशा चेहऱ्याने बघत होता. मला मात्र फार बरं वाटलं हो. एवढे लाड कारखान्यात कोणी केले नव्हते.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. भारतातून पाहुणा आला की नायगरा ठरलेला. तो रस्ता मला इतका पाठ झाला होता की डोळे मिटूनही गेले असते. "गाडी काय ऐसपैस आहे!" असं पाहुणे म्हणाले की रवींद्र माझ्या छतावर थाप मारायचा. पुढे ते कौतुक आटलं. सकाळी तो मला गो ट्रेनच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर सोडून टोरांटोला ऑफिसात जायचा आणि मी दिवसभर थंडीत कुडकुडायचे. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पोटाखाली साचायचं आणि पत्रा खायचं. "नंतर धुऊ," म्हणायचा. त्याचं ते नंतर कधी उगवलं नाही, आणि मीठ काही कोणासाठी थांबत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या घरात अवघड बोलणी माझ्यात व्हायची. घरात विषय काढला की गौरांगी उठून बेसमेंटमध्ये जायची. हायवेवर ती कुठे जाणार? मागच्या सीटवर बसलेली मुलगी म्हणजे हातात सापडलेली मुलगी, हे रवींद्रला चांगलं कळलं होतं. गाडी चौथ्या गिअरला लागली की त्याचं सुरू व्हायचं.

गौरांगीला आभाळाचं भारी वेड होतं. खिडकीला नाक लावून ढग बघायची आणि "आई, बाय थ्री इट विल स्नो," म्हणायची. बहुतेक वेळा बर्फ पडायचाच. तिला हवामानशास्त्र शिकायचं होतं. बॉस्टनजवळच्या एका मोठ्या विद्यापीठात तो विषय होता, तिथेच जायचं असं बापलेकीचं ठरलं. शाळेत तिला मार्क उत्तम, पण अमेरिकेची ती प्रवेशपरीक्षा काही तिला वश होईना. दोनदा मीच नेलं तिला परीक्षेला. दुसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा कमी पडले. परत येताना पोरीने हुड डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, माझा तर जीव गलबलला.

तरी तिने बॉस्टनला लवकरच्या फेरीत अर्ज केला. दोन हजार सोळाच्या डिसेंबरात उत्तर आलं. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, माझ्या मधल्या सीटवर बसून तिने ते फोनवर वाचलं.

"डिफर्ड," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" जयंतीने विचारलं.

"म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. दे विल लुक अगेन इन स्प्रिंग."

रवींद्रने इंजिन सुरू केलं. आठच दिवसांनी मराठी मंडळाच्या जेवणाला गेलो, तेव्हा पार्किंगमध्ये भाऊसाहेब भेटले. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त डॉक्टर, मंडळातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. त्यांनी सहज विचारलं, "काय रवींद्र, गौरांगीचं काय झालं?" आणि हा शहाणा माझ्या बॉनेटला रेलून म्हणतो कसा, "तिला होल्ड केलंय भाऊसाहेब. सोडतच नाहीयेत!"

"वा! म्हणजे झालंच की!" भाऊसाहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि आत जाऊन सगळ्या हॉलसमोर पेढे मागितले.

गौरांगी माझ्या आतच बसली होती. तिने सगळं ऐकलं. मला इतका राग आला होता की हॉर्न आपोआप वाजला असता तर बरं झालं असतं.

झालं! त्या दिवसापासून रवींद्र कात्रीत सापडला आणि पोरीलाही त्याने सोबत ओढलं. कुठलं तरी मोठं नाव हवं, आणि लवकर हवं. शोधता शोधता त्याला पेन्सिल्व्हेनियातलं एक कॉलेज सापडलं. तिथे जानेवारीत दुसरी फेरी होती. त्या फेरीत एकाच कॉलेजला शब्द द्यायचा: घेतलंत तर येणारच, बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार. विद्यार्थ्याची सही, पालकाची सही, शाळेच्या कौन्सेलरची सही. शब्द देणाऱ्यांना जरा झुकतं माप मिळतं, म्हणजे कमी मार्कांवरही निभावेल, असा याचा हिशोब. पण त्या कॉलेजात हवामानशास्त्र नव्हतंच. आणि गौरांगीने ते कॉलेज कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

"फिजिक्स घे, एकच ते," रवींद्र म्हणायचा.

"इट्स नॉट, बाबा."

"मग बॉस्टनची वाट बघत बसणार? या मार्कांवर?"

यावर ती पुन्हा खिडकीला नाक लावायची. बोलणार काय? मार्क खरेच होते ना. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठात तिचा विषय होता, तिथे ती परीक्षा कोणी विचारतही नाही, शाळेचे मार्क बघतात. पण मॉन्ट्रियल म्हटलं की रवींद्र म्हणायचा, "ते आहेच गं. ते कुठे पळून जातंय?" स्टेशनला जाताना तेच, ग्रोसरीला जाताना तेच. काचा बंद, हीटर चालू, आणि त्याचा एकच सूर. मलाच घुसमटल्यासारखं व्हायचं, तर त्या लेकराचं काय होत असेल!

मंडळाची संक्रांत आणि त्या फेरीची मुदत नेमकी एकाच रविवारी आली. जयंती काळी साडी नेसून, मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन पुढे बसली. रवींद्रची सही झाली होती, कौन्सेलरची झाली होती. उरली होती गौरांगीची. स्कारबरोच्या हॉलपर्यंत तो अखंड बोलत होता. पार्किंगमध्ये गाडी थांबवून मागे वळला.

"आत जायच्या आधी करून टाक. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो, सणाचा दिवस आहे, कार्यक्रम तरी होऊ दे आधी," जयंती म्हणाली.

"आत गेलो की पहिला प्रश्न तोच येणार आहे, जयंती! मी काय सांगू?"

गौरांगीने फोन हातात घेतला. मग तिने फोन उलटा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर." एवढंच. रवींद्र दार आपटून उतरला, फिरून मागचं सरकतं दार उघडलं आणि पुढे चालू लागला. ते दार तो नेहमीच बाहेरून उघडायचा; का, हे तो स्वतःच विसरला होता. तिचा बाप एवढा अदबशीर कसा, याचं मला कधी नवल वाटलं नाही, कारण खरं कारण मला ठाऊक होतं.

कार्यक्रम संपवून येताना तो माझ्याजवळच बर्फावर सणकून घसरला. घोटा टम्म सुजला. गाडी चालवणं शक्यच नव्हतं. गौरांगीकडे लायसन्स होतं, ती चालवायला बसली. जयंती पुढे, आणि पाय लांब करता यावा म्हणून रवींद्र मधल्या सीटवर आडवा.

हायवेला लागल्यावर याने सवयीने सुरू केलं, "गौरांगी, मुदत आज संपतेय…"

"बाबा, आय एम ड्रायव्हिंग."

हीटरच्या आवाजात मागचं पुढे नीट ऐकूही जात नव्हतं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, फक्त वेणी दिसत होती. दोनदा त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग काचेतून बाहेर बघू लागला.

घरी आलो. गौरांगीने मला गॅरेजमध्ये उभी केली, जयंती बर्फाची पिशवी आणायला आत धावली, आणि गौरांगीही डबे घेऊन मागोमाग गेली. रवींद्रने दाराचा खटका ओढला. दार ढिम्म. पुन्हा ओढला. लंगडत पलीकडच्या दाराशी सरकला, तेही उघडेना. अंधार, थंडी, ठणकता पाय. "अगं ए! जयंती!" काचेवर बुक्क्या मारत बसला बिचारा. आवाज ऐकून गौरांगी परत आली आणि तिने बाहेरून दार सरकवलं.

"हे दार बिघडलंय! उघडतच नाहीये!"

"आतून नाहीच उघडत, बाबा. चाइल्ड लॉक आहे."

"कधीपासून?"

"ऑलवेज. मी सेकंड ग्रेडमध्ये होते तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. यू सेड, नंतर बघू."

त्याने तो खटका आणखी एकदा ओढून पाहिला. मग सरकून त्याने तिला जागा करून दिली. दार उघडंच होतं. ती बसली.

"तुला काय करायचंय?" त्याने विचारलं. एवढ्या महिन्यांत त्याने हा प्रश्न केला नव्हता हो!

ती इंग्रजीत सुरू झाली आणि मध्येच मराठीत आली. "आय डोन्ट नो, बाबा. मला भीती वाटते. त्यांनी घेतलं तर जावंच लागेल. आणि नाही घेतलं तर… मला पुन्हा कोणाचं तसलं उत्तर नकोय." मग रडली. रडता रडताच म्हणाली, "मला सही नाही करायची. बॉस्टनची वाट बघते, आणि मॉन्ट्रियलला अप्लाय करते."

"मी भाऊसाहेबांना सांगून बसलोय गं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आय नो. मी गाडीतच होते."

त्याने मान खाली घातली. जयंती बर्फाची पिशवी घेऊन दारात उभी होती, तिने ती त्याच्या घोट्यावर जरा जोरातच दाबली. ती मुदत त्या रात्री तशीच टळून गेली.

दुसऱ्या दिवशी सुजलेला पाय स्टुलावर ठेवून त्याने माझ्या दोन्ही दारांच्या खाचांतलं मीठ आणि गंज खरवडून काढला, तेल सोडलं आणि चाइल्ड लॉकच्या अडकलेल्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने खाली केल्या.

मार्चअखेर बॉस्टनचं उत्तर आलं: नाही. मॉन्ट्रियलचं आलं: हो. त्या संध्याकाळी रवींद्र स्टेशनच्या पार्किंगमध्ये माझ्यात येऊन बसला. इंजिन सुरू केलं नाही. स्टिअरिंग धरून बसला आणि मग त्याने फोन लावला.

"भाऊसाहेब, रवींद्र बोलतोय. बॉस्टनने नाही म्हटलं… नाही, होल्ड वगैरे काही नव्हतं. तेव्हा मी उगाच तसं बोललो… ती मॉन्ट्रियलला जातेय… नाही हो, नाइलाज म्हणून नाही. तिला जायचंय."

फोन ठेवून त्याने डोळे पुसले आणि आम्ही घरी आलो.

मित्रांनो, माझं आता काही राहिलेलं नाही. मी जाईन, माझे पत्रे वितळतील. तुमच्याकडे गाडी असेल तर तिच्या पोटाखालचं मीठ वेळेवर धुवा, एवढं आमच्या जातीसाठी मागते. आणि मोठ्यांनो, तुमच्यासाठी एक. मुलाला त्याच्या आयुष्याबद्दल काही विचारायचं असेल ना, तर आधी गाडी थांबवा. दार उघडून द्या. त्याला उतरून जाता येईल, याची खात्री करा. मग विचारा.