मुंबईचा नंबर

"मॅडम, रिपोर्ट प्रोसेसमध्ये आहेत," लॅबवाल्या पोरीने परत तेच ऐकवलं. मी फोन कापला. लावणीच्या आधी पोलादपूरच्या शिबिरात नमुने घेतले, आता भात झोडून झालं तरी यांची प्रोसेस संपेना. कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

मी अक्षदा, आशाताई. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे का ते बघून घ्या म्हणून वरच्या वाडीतल्या बायकांपुढे मी किती घसा कोरडा केला ते माझं मला ठाऊक. सगुणाकाकीची पाळी जाऊन वर्षं लोटलेली, तरी अंगावरून परत लाल जात होतं. केवळ माझ्या शब्दाखातर ती टेबलावर चढली. आणि परवा पुढच्या शिबिराचं सांगायला गेले, तर एक बाई उंबऱ्याबाहेर येईना.

"पयल्याचं काय झालं ते सांग, मग दुसऱ्याचं बोल," त्यांच्यातली रखमा तोंडावर म्हणाली.

काकीनेच माझी बाजू घेतली. वायट असतं तर कळवलं नसतं काय, म्हणाली आणि शेळ्या घेऊन गेली. 

मग मी थेट लॅबच्या साहेबांना गाठलं आणि लाज सोडून भांडले. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. रिपोर्टांना उशीर झाला हे त्यांनी मान्य केलं, पण नवरात्रातच ते फोनवर पाठवले होते. ती पोरगी न बघताच उत्तरं देत होती!

वरच्या वाडीला रेंज नाही, बायकांकडे फोन नाही. सगळ्यांनी मुंबईतल्या लेकाचा नाहीतर नवऱ्याचा नंबर दिलेला. अख्ख्या वाडीचे रिपोर्ट पुरुषांच्या खिशात फिरत होते आणि एकाही बाप्याने तोंड उघडलं नव्हतं.

काकीच्या लेकाला, किशोरला फोन लावला. आधी आठवत नाही म्हणाला, मग कबूल झाला. पुढची तपासणी ताबडतोब करा, असं लिहिलेलं त्याने वाचलं होतं.

"आईशी असलं कसं बोलनार, ताई? मेसेज वाचला आनि तसाच ठेवला."

मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी तो रडायला लागला. मला काही त्याची दया आली नाही.

तशीच वाडीवर चढले. काकी गोठ्यात शेण काढत होती. रिपोर्ट चांगला नाही, उद्याच महाडला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं, असं मी सरळ सांगितलं. ती शेणाचे हात घेऊन उभी राहिली.

"कधी आला गो?"

खरं सांगितलं असतं तर लॅबची थोडी तरी पत राहिली असती, पुढच्या शिबिराला चार बायका आल्या असत्या. रखमा दारात उभी राहून ऐकतच होती.

"किशोरला नाय ना कळला? त्याचा नंबर दिलेला मी," काकीने विचारलं.

"नाही काकी. आत्ताच आला. लॅबनेच उशीर केला."

काकीचा जीव भांड्यात पडला. रखमा मात्र फणकाऱ्याने निघून गेली. तिचं ऐकून आता वाडीतली एकही बाई तपासणीला येणार नव्हती.

सकाळी काकी इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाली. उतारावर तिचा हात धरला, तर तळवा गार पडलेला. तोंडाने लॅबवाल्यांचा उद्धार चालूच होता. मेल्यांना बायांच्या जिवाची काय पडलीय, म्हणत होती, आणि मी हो हो करत होते.