माफीची भिंत

त्या गावातली घरं बघायची तर मागल्या बाजूनं बघावीत. पुढून ती लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. मागं गेलं की एकेक घर दात पडलेल्या पोरासारखं हसायचं. कुणाची मागची भिंत उघड्या विटांची. कुणाचा जिना चार पायऱ्या चढून आभाळाकडं बघत थांबलेला. कुणाच्या खिडकीला चौकट आहे, तावदान नाही, तिथं पोतं लटकतंय.

कारण साधं होतं. फार वर्षांपूर्वी एका कनवाळू नगराध्यक्षानं नियम केला होता: घर बांधून पुरं होईपर्यंत घरपट्टी माफ. पै-पै जोडून घर उभारणाऱ्या गरिबाला जरा दम खायला मिळावा, एवढाच त्यामागचा भाव. पण दम खायला बसलेलं गाव पुन्हा उठलंच नाही. हळूहळू गरिबांची घरं तशीच राहिली, मग श्रीमंतांचीही राहिली, आणि पालिकेच्या दप्तरी जवळजवळ अख्खं गाव बांधकामाखाली गेलं.

या अपुरेपणाचा कारागीर होता पाऊणमिस्त्री. खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागे. घर किती बांधायचं हे कुठलाही गवंडी सांगेल. किती राहू द्यायचं, हे फक्त त्याला कळायचं. फार राहिलं तर पाणी आत शिरतं. फार थोडं राहिलं तर पालिकेची मोजणीबाई चष्मा पुसून म्हणते, हे तर झालं की पुरं. पाऊणमिस्त्री असा मधला घास काढून द्यायचा की घरही सुखात आणि माफीही सुखात. वर्षाकाठी त्या उघड्या जागा गळू लागत, मग डागडुजीलाही तोच. दोन्ही हातांनी वाहवा मिळायची.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची मागची भिंतही तशीच होती. फळीवरच्या भांड्यांत रोज विटांचा भुगा पडे. त्याची कारभारीण भांडी पुसता पुसता गाणं रचायची, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात:

तीन भिंती ल्याल्या बाई, चौथी राहिली उघडी
कारभारी म्हणे माझा, माफी आहे तेवढी

तो ऐकून मिशीत हसायचा. माफी ही त्याला कमाईच वाटायची.

त्यांची एकुलती लेक पालिकेची बस चालवायची. वाळूच्या ट्रकवर शिकलेली, हात लोण्यासारखा. गावाला बस एकच. बाजारातून निघायची, शाळेवरून, दवाखान्यावरून, चढावरच्या वस्तीपर्यंत जायची आणि परत यायची. चढावरच्या म्हाताऱ्या तिच्या हॉर्नवर घड्याळ लावायच्या.

एका संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले, पानावर बसली आणि म्हणाली की महिनाअखेरीस बस बंद होणार आहे. हल्लीच्या नगराध्यक्षांनी बोलावून सांगितलं होतं. तिजोरीत खडखडाट. मागल्या वर्षी रस्त्यावरचे दिवे गेले, मग बागेचा माळी गेला, आता डिझेलला पैसे नाहीत. मोठ्या शहरात ड्रायव्हरची जागा आहे, रात्रभराच्या प्रवासावर. हो म्हणून कळवायचं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

आईच्या हातातली पळी भांड्यातच राहिली. पाऊणमिस्त्री मात्र तावातावानं बोलू लागला: या पालिकेचा कारभारच ढिसाळ, एवढं मोठं गाव आणि साधी एक बस पोसता येत नाही, मग पैसा जातो तरी कुठं.

लेकीनं त्याच्या डोक्यामागच्या उघड्या विटांकडं एकवार पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचं बोलावणं आलं. दवाखान्यातून कधीच्या निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं होतं आणि त्या अर्ध्या गावाला त्या अजून अरे-तुरे करत. वळणावरचं त्यांचं घर तेवढं चारी बाजूंनी पुरं होतं. कुण्या जुन्या गवंड्यानं केलेला गिलावा, हात फिरवला तर दुधावरच्या सायीसारखा. पाऊणमिस्त्री त्या घरावरून जाताना नेहमी जरा हळू चालायचा.

नर्सबाई काठी टेकत त्याला मागल्या अंगणात घेऊन गेल्या आणि भिंतीचा कोपरा दाखवून म्हणाल्या, "हातोडा आणलायस ना? एवढा फोड."

त्याला वाटलं, आत पाणी मुरलं असेल. त्यानं बोटानं ठोकून पाहिलं. भिंत खणखणीत होती.

"मुरलं-बिरलं काही नाही रे. मलाही माफी हवी. घरपट्टी भरणारे जसे कमी झाले तशी उरलेल्यांची पट्टी वाढत गेली. आता पट्टी भरणारी मी एकटी उरलेय. गावाचा गाडा ओढायला सगळे जुंपलेले होते. एकेक जण मानेवरचं जू काढून सावलीत जाऊन बसला. आणि जू काढून देण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. माझंही काढ बाबा, मान दुखते."

त्यानं पिशवीतून हातोडा काढला.

"तुझी लेक गाडी छान चालवते हो," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "तिला मीच या जगात आणलं. पण एकटीनं मी किती ओढू?"

त्यानं हातोडा उचलला. समोरचा गिलावा असा गुळगुळीत की त्यावर त्याची सावली डुलत होती. आयुष्यात अपुरं ठेवलेलं काम त्यानं खूप केलं होतं; पुरं झालेलं मोडलं कधी नव्हतं. हात वर गेला आणि वरच थांबला. मग त्यानं हातोडा पिशवीत टाकला आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत मागितली. तोवर बस वाचली नाही, तर मीच येऊन फोडीन म्हणाला.

घरी येऊन त्यानं वाळू चाळली, माल कालवला, स्वयंपाकघरातली भांडी बाहेर अंगणात मांडली आणि मागच्या भिंतीवर पाणी मारायला घेतलं. कारभारीण दारात उभी. आधी तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग पदर खोचून घमेली द्यायला लागली. दोन दिवसांत भिंत आरशासारखी झाली. ती ओली राहावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडताना कारभारणीच्या गाण्याला नवं कडवं फुटलं:

चौथी भिंत न्हाली माझी, तिला पाण्याचं लेणं
उजळ माथ्यानं देऊ आता पालिकेचं देणं

मोजणीबाईंना त्यानं स्वतः जाऊन बोलावून आणलं. घर पुरं झालंय, पट्टी लावा, असं म्हणणारा माणूस त्यांना सबंध नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. खात्री करायला भिंतीवर टिचकी मारली.

गावात हसू पिकलं. समोरच्या शिंप्यानं तर सगळ्यांदेखत विचारलं, "काय मिस्त्री, सिमेंट डोक्यात गेलं वाटतं?"

पाऊणमिस्त्रीनं तिथंच, शिंप्याच्या दुकानापुढं, सांगून टाकलं. यापुढं अपुरी ठेवायची कामं बंद. उघड्या भिंतींची डागडुजीही बंद; गळेल त्यानं बादली लावावी. मात्र ज्याला घर पुरं करायचं असेल त्यानं माल आणावा, मिस्त्रीची मजुरी माफ.

मजुरी माफ म्हटल्यावर गाव हसायचं थांबलं. त्यातून बायकांनी त्याच्या घरची भिंत येऊन पाहिली होती. फळीवरची स्वच्छ भांडी पाहिली होती. शिंपीणबाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली म्हणे, की आपलं घर अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं दिसतं, मला लाज वाटते. शिंपी तिसऱ्या दिवशी वाळूची गाडी घेऊन हजर. मग किराणावाला, मग मास्तर. जिन्याला वरचा मजला मिळाला नाही, पण निदान गच्ची मिळाली. पाऊणमिस्त्री सकाळी परांचीवर चढायचा तो दिवेलागणीलाच उतरायचा. इतकं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं आणि इतका आनंदही त्याला कधी झाला नव्हता.

आनंदात नव्हती ती कारभारीण. एका सकाळी तिनं डाळीचा डबा त्याच्या पुढ्यात उलटा धरला. त्यातून काहीच पडलं नाही.

"अहो, तुम्ही गावाला माफी दिलीत. माझ्या चुलीला कोण माफी देणार?"

"अगं, चांगल्या कामासाठी दिलीय."

"त्या जुन्या अध्यक्षानंही चांगल्यासाठीच दिली होती. खाणारी तोंडं तेवढीच, खर्च तेवढाच, आणि येणारं बंद. मग आधी तूप गेलं, मग गूळ गेला, आता डाळ. काय निराळं झालं सांगा." तिनं डबा खाली ठेवला. "माफी द्या, मी नाही म्हणत नाही. पण मुदत घाला. मुदत नसलेली माफी म्हणजे बूड नसलेलं घमेलं. किती ओता, राहायचं नाही काही."

तो डब्याकडं बघत राहिला. पालिकेची तिजोरी आतून कशी दिसत असेल, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याच दिवशी त्यानं जाहीर केलं: मजुरीची माफी येत्या रविवारपर्यंत, सोमवारपासून रोख.

मग तर झुंबड उडाली. आज करू, उद्या करू म्हणणारे सगळे एकदम धावले. रविवारी सकाळी सगळ्यात शेवटी आले खुद्द नगराध्यक्ष, जरा इकडंतिकडं बघत. त्यांच्या बंगल्याचीही मागची बाजू उघडीच होती. पाऊणमिस्त्रीनं परांची बांधली, वर चढला आणि गिलावा थापता थापता खाली उभ्या अध्यक्षांना डाळीच्या डब्याची हकिगत सांगितली. घर बांधणाऱ्याला दोन वर्षं माफी द्या, वाटलं तर तीन द्या, गरिबाला जास्त द्या, पण कधीतरी संपणारी द्या. संपणार म्हटल्यावर माणूस हात हलवतो. माझ्याकडं कशी रांग लागली ते तुम्हीच बघा. आणि पुऱ्या झालेल्या घरांची पट्टी आता यायला लागेल, तेव्हा बस आणखी थोडी रेटा.

अध्यक्ष म्हणाले की सभेत सदस्य आरडाओरडा करतील.

"करू देत की," पाऊणमिस्त्री वरून म्हणाला. "घर गळायला लागलं की मलाच बोलावतात ते."

सभेत आरडाओरडा झाला, टेबलं वाजली, दोघे-तिघे रागावून बाहेर गेले आणि बाहेर ऊन आहे म्हणून परत आत आले. शेवटी मुदत बसली. कुणाला दोन वर्षं, हातावर पोट असलेल्याला चार. बसचा निर्णय मात्र पुढं ढकलला, आणि महिना तर संपला.

एक तारखेला पाऊणमिस्त्री अध्यक्षांच्याच परांचीवर होता, शेवटचा हात फिरवत. हातात थापी होती, पण कान रस्त्याकडं. घरी लेकीची पेटी भरून ठेवलेली होती. सकाळी ती काही न सांगताच निघून गेली होती. दूधवाला गेला. शाळेची पोरं चालत गेली, तशी त्याची थापी थांबली. रस्ता रिकामा झाला. पिशवीतला हातोडा त्याला एकदम जड वाटू लागला, आणि वळणावरचं नर्सबाईंचं घर डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात चढावरून हॉर्न वाजला. उशिरा, पण वाजला.

बस येऊन बरोबर परांचीखाली थांबली. लेकीनं खिडकीतून मान बाहेर काढली. सकाळी पालिकेत बोलावलं होतं, म्हणाली. रविवारची फेरी बंद, बाकी बस चालू. पहिल्या खिडकीत नर्सबाई बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"बाबा, जेवायला घरी येताय ना? चला, सोडते."

तो परांचीवरून जवळजवळ घसरतच खाली आला आणि पायरीवर पाय ठेवणार, तोच लेकीनं हात आडवा केला.

"आधी अंग झटका. सीटवर सिमेंट पडेल."

सगळी बस खोळंबली. आत बसलेल्या म्हाताऱ्या, पोरं, शिंपी, सगळे वाकून बघू लागले. पाऊणमिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभा राहून डोक्यापासून पायापर्यंत अंग झटकू लागला, आणि त्याच्याभोवती पांढरा धुरळा उन्हात उंच उंच चढत गेला.

"पाठ राहिली रे," नर्सबाई खिडकीतून म्हणाल्या.