मोराचं मागचं बोट

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून आपल्याले सगळंच समजते असा माझा गैरसमज. नागपुरात कोणाकडे जुनी तलवार निघाली, कट्यार निघाली, की लोक म्हणत, "रुपराव सरले विचारा." परवाच्या प्रदर्शनातल्या ठासणीच्या बंदुकीचंही मीच ठरवलं. दस्त्यावर चांदीचा पत्रा, त्यावर मागं मान वळवलेला मोर, पिसाऱ्यात तीन-तीन टिपके. पाटी लिहिली, 'लखनौचा कारागीर, नाव अज्ञात.'

उद्घाटनाले सकाळी एक म्हातारी आली. पायात रबरी चप्पल. म्हणाली, "मी इंदूबाई, लकडगंजची. सर, हा मोर माझ्या सासऱ्याच्या हातचा होय. भांड्यावर नावं टाकायचे ते. एका मालगुजारानं ही बंदूक मोर कोराले आणून दिली होती. त्यायच्या मोराले मागचं बोट नसे, दरवेळी विसरायचे. पाहा ना. पाटीवर त्यायचं नाव लिहा जी."

चार मोठी माणसं उभी होती ना बाजूले! माझं डोकंच फिरलं.

"काय वं बाई," मी म्हटलं, "गंज-बटकीवर नावं टाकणारा बंदुकीले हात लावते का? बोट नाही म्हणे! उद्या म्हणशील ताजमहालही त्यानंच कोरला." सगळे हसले. मीही हसलो. इंदूबाईनं प्रदर्शनाच्या वहीत आपला नाव-पत्ता लिहिला अन् निघून गेल्या.

दुपारी घरी जेवाले बसलो. बायकोनं, गोपिकानं, तांब्या समोर ठेवला. आमच्या लग्नात तिच्या मामानं दिलेला, दोघांची नावं टाकलेला. नावाखाली मोर. अडतीस वर्षं त्याच तांब्यानं पाणी पिऊन राहिलो, पण मोराकडे धड पाहिलं नव्हतं. मान मागं वळलेली. तीन-तीन टिपके. अन् पायाले मागचं बोट नाही.

हातातला घास ताटात ठेवला.

"मामानं नावं कुठून टाकून आणली होती वं?"

"लकडगंजातून. एक म्हातारा बसायचा तिथं. काहून?"

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हटलं अन् ताटावरून उठलो.

वहीतला पत्ता पाहून इंदूबाईचं घर गाठलं. पिशवीतला तांब्या त्यायच्यासमोर ठेवला. "चुकलो मी, बाई. चार लोकांत तुम्हाले हसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले."

त्यायनं पदरानं तांब्या पुसला, मोरावरून बोट फिरवलं. "हो. त्यायचाच."

"पाटी आजच बदलतो. त्याच लोकांपुढं सांगतो." मी खिशातून पेन काढला. "नाव सांगा त्यायचं."

विचारताना ध्यानात आलं, सकाळी एवढं हसलो, पण नाव काही विचारलं नव्हतं.

"धोंडबा," त्या म्हणाल्या. "नीट लिहा. जन्मभर लोकायचीच नावं टाकली त्यायनं."

मी लिहिलं. त्यायच्याकडे पाहायची हिंमत काही झाली नाही.