पापडाचा फ्लक्स

“सर, पापडातून चुंबकीय फ्लक्स किती जातो?”

चारुतानं विचारलं आणि बारावीचा अख्खा वर्ग वळून तिच्याकडं बघायला लागला. मागच्या बाकावर मोनिका आणि तनुजा तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. विचारलंस तर पाणीपुरी आमच्याकडून, ही पैज त्यांचीच. दिवाळीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी चारुता हल्ली भलतीच सुटली होती!

फिजिक्सचे इंद्रजीत सर अजिंठ्याचे. रागावले की आधी त्यांची मिशी हलायची. आज ती हलली नाही.

“लई भारी प्रश्न! पापड म्हंजे सपाट पृष्ठभागच की, त्यातनं चुंबकीय रेषा जाणारच. उद्या घेऊन ये आन् फळ्यावर तूच सोडव.”

पाणीपुरी गेली खड्ड्यात, चारुताला वेगळीच धास्ती होती. तिला बारावीनंतर फिजिक्समध्ये बीएस्सी करायचं होतं. बाबांनी मात्र बीबीए ठरवून टाकलं होतं, रविवारी फॉर्म भरायचा होता. “फिजिक्स तुला झेपत नाही, बेटा,” असं ते इतक्या मायेनं म्हणाले होते, की तिलाही ते जवळजवळ पटलं होतं. उद्या फळ्यापुढं फजिती झाली तर पूर्णच पटणार.

रात्री तिनं आईला सांगितलं, “सरांनी एक पापड आणायला सांगितलाय.”

सकाळी वर्गात डबा उघडला आणि चारुताच्या तोंडचं पाणीच पळालं. पापड खरपूस भाजलेला! वर कांदा, कोथिंबीर, लाल तिखट. सरांना कच्चा पापड कुणी देतं का, हा आईचा हिशेब. पापडाला इतके फुगे आणि इतक्या सुरकुत्या, की सपाट म्हणायला जागाच नव्हती.

“हा पृष्ठभाग हाय का म्हैसमाळचा डोंगर?” सर म्हणाले. वर्ग खिदळला.

चारुतानं शांतपणे डब्याचं झाकण पुढं घेतलं. चौकोनी, सपाट. पंधरा सेंटिमीटर बाय दहा.

“चुंबकीय क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्ला,” सर म्हणाले, “आन् जमिनीकडं तीस अंश कललेलं, असं धर.”

तिनं झाकण टेबलावर आडवं ठेवलं. क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ गुणिले कॉस तीस, असं फळ्यावर लिहिलं. मागून मोनिकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. सरांची मिशी मात्र हलली.

चारुतानं फळ्यावरचं पुन्हा वाचलं. मग तिनं झाकणावर पेन उभं धरलं आणि पट्टी तिरकी करून क्षेत्राची दिशा दाखवली.

“थांबा, थांबा! कोन झाकणापासून नाही मोजायचा, या उभ्या पेनापासून मोजायचा. म्हणजे साठ! कॉस साठ, अर्धा. उत्तर शून्य पूर्णांक तीन मायक्रोवेबर!” आणि कुणी विचारलं नसताना तिनं झाकण कलतं करून पेन पट्टीच्या रेषेत आणलं. “आता दुप्पट! सगळ्यात जास्त!”

“आता बरोबर,” म्हणत सरांनी पापडाचा तुकडा मोडला. “आन् आईला सांग, तिखट जरा कमी.”

संध्याकाळी बाबा चहा घेत होते, आई मटार सोलत होती. चारुता दप्तरासकट त्यांच्यापुढं उभी राहिली.

“आई, बाबा, रविवारी बीबीएचा फॉर्म भरायचा नाही. मी आज फळ्यावर चुकले, माझी चूक मीच शोधली, आणि मला जाम मजा आली. मी फिजिक्समध्ये बीएस्सी करणार. ठरलं!”