कासवाच्या पोटाखाली

मी क्रश सँड बोलतेय. धायरीतल्या कुठल्याही नव्या बांधकामावर जा, फाटकाशी माझा करडा ढीग दिसेल. लोक मला वाळू म्हणतात आणि मीही ऐकून घेते. पण वाळू नदीची असते, वर्षानुवर्षं पाण्यात लोळून गुळगुळीत झालेली. माझ्या नशिबी पाणी नव्हतं. मी सुरुंगातून आलेय.

मी तेव्हा अखंड काळा कातळ होते. एका दुपारी माणसांनी डोंगराच्या पोटात भोकं पाडली, दारू ठासली आणि बार उडवला. माझ्या चिंधड्या झाल्या. पुढे क्रशरचे पोलादी जबडे. एकदा चिरडून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक दणक्याला मला नवी धार फुटली. त्या धारेचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? सिमेंट माझ्या धारेलाच घट्ट धरतं. मी सात मजले उभे केले आणि जी उरले ती फाटकाशी पडून राहिले.

त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माधवराव आणि कुसुमताई राहायला आले. माधवराव नारायण पेठेतल्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची चूक दाखवायची घरात कोणाची टाप नव्हती. मुलगा केयूर नोकरीसाठी जर्मनीला गेला, तेव्हा त्याने आपलं कासव त्यांच्याकडे ठेवलं. ढब्बू त्याचं नाव. आफ्रिकेतल्या जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं, जेवणाच्या ताटाएवढं. नऊ वर्षं केयूरने त्याला जिवापाड जपलं होतं.

जुन्या दिवाणाची वरची फळी काढून गॅलरीत ढब्बूचं घर तयार झालं. आत काय अंथरायचं, यावरून फोनवर जुंपली.

"बाबा, माती घाला. साधी बागेतली, खत नसलेली. त्यात थोडं कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. वीतभर जाड आणि जरा ओलसर."

"म्हणजे घरात चिखल. आणि कासव वाळूत असतं. कोकणात कासव महोत्सवाला गेलो होतो आम्ही, पिल्लं वाळूतून निघताना मी स्वतः बघितली आहेत."

"ती समुद्रातली, बाबा. हे जमिनीवरचं."

"कासव ते कासव. मराठीत याला वेगळा शब्द आहे का? नाही ना? मग ठेव फोन."

मास्तरांचा शब्दावर फार विश्वास. एका शब्दात त्यांनी समुद्र आणि माळरान एक करून टाकलं, आणि दुसऱ्या शब्दात नदी आणि मी.

रखवालदार भैरूने पंधरा घमेली भरून मला वर आणलं. तो म्हणाला, "सर, ही नदीची वाळू न्हाय, क्रश हाय. हात कापत्यात हिनं."

"तुला कोणी विचारलं?" माधवराव म्हणाले. भैरू घमेलं झटकून खाली गेला.

ढब्बू माझ्यावर उतरला. उकरणं त्याच्या रक्तातच होतं. त्याने पुढचे पाय माझ्यात खुपसले, मी ढासळले. त्याने पुन्हा उकरलं, मी त्याच्या तोंडावर कोसळले. माझी पूड डोळ्यांत जाऊन त्याच्या पापण्या सुजल्या. पायांचं कातडं सोलवटलं. पोटाचं कवच घासून घासून पांढरं पडलं. कुसुमताई जास्वंदीची धुतलेली पानं माझ्यावरच ठेवायच्या. ओल्या पानाला मी चिकटायचे आणि घासाबरोबर त्याच्या घशाखाली उतरायचे.

पंधरा दिवसांनी त्याने खाणं सोडलं. मान ताणून जोर करायचा, मागचे पाय आपटायचा, दिवाणाच्या फळीवर धाडधाड आदळायचा. आत मी होते आणि मी कापत होते.

"अहो, याला दुखतंय," कुसुमताई म्हणाल्या.

"तुला येऊन सांगितलं का त्याने?" माधवरावांनी पेपरातून वर पाहिलं नाही.

कुसुमताईंनी ढब्बूला टॉवेलात गुंडाळलं आणि त्या रिक्षाने वारज्याला, प्राण्यांच्या डॉक्टर अस्मितांकडे निघाल्या. माधवराव चपला सरकवत मागे धावले. एक्स-रेमध्ये मी पांढरीफटक दिसले, आतड्यात दाटून बसलेली, मूठभर. तीन दिवस त्याला कोमट पाण्यात बसवलं, औषधं दिली. मी हलले नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी करवत घेतली आणि पोटाच्या कवचात चौकोनी खिडकी कापली. आतडं तीन जागी फाटलं होतं. कासवाचं हृदय चिवट असतं. ते बराच वेळ धडधडलं आणि मग थांबलं.

डॉक्टरांनी मला स्टीलच्या वाटीत काढून माधवरावांपुढे धरलं. "ही कुठली?"

"बांधकामावरची."

"आणि माती का नाही घातलीत?"

चौतीस वर्षं शब्दांवर जगलेल्या माणसाने मला चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. केयूरला कुसुमताईंनीच फोन केला.

वाचणाऱ्यांनो, मला भिंतीत घाला, स्लॅबमध्ये घाला, मी शंभर वर्षं जागची हलणार नाही. पण जो जीव पोट टेकून चालतो, त्याच्याखाली मला अंथरू नका. आधी मला मुठीत घेऊन घट्ट आवळा आणि मग तळहात बघा. मी स्वतःला थांबवू शकत नाही, तुम्ही मला थांबवू शकता.

आत्ता हे सांगतेय, तेव्हा माधवराव गॅलरीत आलेत. त्यांनी सदरा काढला, बनियन काढलं आणि दिवाणात उतरून ते माझ्यावर पालथे पडलेत. एकाहत्तर वर्षांचं सैल, मऊ पोट. ते कोपरांवर जोर देऊन पुढे सरकतायत आणि मी कापतेय. माझ्यावर रक्ताचे ओघळ उतरतायत.

कुसुमताई दारात उभ्या आहेत. हात द्यायला त्या पुढे आलेल्या नाहीत.

"फार टोचतं गं," माधवराव म्हणतायत.

"अजून थोडं सरका," कुसुमताई म्हणाल्या. "तो त्या कोपऱ्यापर्यंत जायचा."