सोमवारपर्यंतचं नाक

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी द्राक्षमळ्यातल्या चाखण्याच्या खोलीत एक जोरदार भुरका ऐकू आला आणि चौदा पाहुण्यांनी एकदम माना वळवल्या. लांब टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईने चमचाभर लाल वाईन हवेसकट आत ओढली होती. तिने ती गालांत फिरवली, दोन हात लांबच्या बादलीत नेम धरून थुंकली आणि पुढच्या ग्लासकडे सरकली. बाकीची मंडळी ग्लास उजेडात धरून नुसते ओठ ओले करत होती.

"अगं चहाटळ," शेजारची मैत्रीण दबक्या आवाजात म्हणाली, "लोक बघतायत."

"बघू देत. सतरा वर्षं असंच चाखते आहे. दुसरं येत नाही मला."

चहाटळ ही एका चहा कंपनीत चहा चाखायच्या नोकरीला होती. मैत्रीण दातांची डॉक्टर, शाळेच्या बाकापासूनची. तिचं नाव दंतकथा. ही नावं दोघींनी एकमेकींना ठेवली होती आणि दोघींच्या नवऱ्यांना ती आवडत नसत.

पाच महिन्यांपूर्वी आलेल्या तापात चहाटळचा वास गेला होता. ताप उतरला, वास परतला नाही. हे जगात तिघांना ठाऊक होतं: ती, नाकाचे डॉक्टर आणि दंतकथा. घरी सांगितलेलं नव्हतं. करपलेली भाजी बायको हूं की चूं न करता खाते, म्हणून नवरा उलट खूश होता. ऑफिसात ती जिभेवर आणि डोळ्यांवर निभावून नेत होती. तुरटपणा जीभ सांगे, उरलेलं भिजलेल्या पानाचा रंग सांगे. पण नव्या साहेबांनी सोमवारी दहा वाजता सगळ्या चाखणाऱ्यांची परीक्षा ठेवली होती. बारा काळे कप, पान दिसणार नाही, वासावरून माल ओळखायचा. जो नापास होईल त्याचं टेबल जाणार आणि त्याला गोदामात पाठवणार.

नाकाच्या डॉक्टरांनी रोज तऱ्हेतऱ्हेचे वास घ्यायला सांगितलं होतं. दंतकथेने त्याचा सोयीचा अर्थ काढला, दवाखान्याला दोन दिवस कुलूप लावलं आणि मैत्रिणीला गाडीत घातलं. हा पहिलाच मळा होता. चहाटळ प्रत्येक घोट थुंकत होती, दंतकथा प्रत्येक घोट गिळत होती. चौथ्या ग्लासापर्यंत फरक दिसू लागला.

"याला कसला वास येतोय?" चहाटळने विचारलं.

दंतकथेने ग्लासात नाक बुडवलं. "रबरी हातमोजे."

"आणि मघाच्याला?"

"त्यालाही हातमोजे. नवे."

"तुझा काय उपयोग गं मला?"

"गाडीचे हप्ते मी भरते, तो." समोरच्या गृहस्थांनी घोट घेतलेला पाहून दंतकथा सवयीने म्हणाली, "हं, आता गुळणी करा. थुंका." गृहस्थ घाबरून थुंकले. बादलीपर्यंत पोचलं नाही. दोघींना हसू आवरेना. चहाटळच्या नाकातून वाईन आली, आणि तिचाही वास आला नाही.

एवढ्यात मळ्याचे मालक लगबगीने आले. भुरका त्यांनी बाहेरून ऐकला होता. "मॅडम, असं चाखणारं माणूस आमच्याकडे प्रथमच आलंय. आपण परीक्षक का?"

चहाटळ खरं सांगायला तोंड उघडत होती.

"सतरा वर्षं चाखतायत," दंतकथा म्हणाली. "रोज दोनशे कप. त्यांना गाजावाजा आवडत नाही."

शब्दन् शब्द खरा होता. मालकांनी 'कप' हा शब्द सोडून सगळं ऐकलं.

पाच मिनिटांत दोघी तळघरात होत्या. तिथे मालकांची थोरली बहीण लोखंडी स्टुलावर बसली होती. द्राक्षं तोडण्यापासून पिंपं भरण्यापर्यंतचं काम तिचं, विकण्याचं भावाचं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिंपांवरून तीन आठवडे दोघांचं बोलणं बंद होतं.

"ताईला विचारा," मालक म्हणाले, "दुसऱ्या पिंपात काय बिघडलंय म्हणते ती."

"त्याला सांगा," ताई चहाटळला म्हणाली, "मी सांगून थकले. आता तुम्हीच चाखा. म्हणाल ते दोघंही मानू."

"ताई मानेल?"

"मानेन. त्याने मानलं म्हणजे झालं."

चहाटळने दंतकथेकडे पाहिलं. दंतकथा भिंतीला टेकून छताकडे बघत होती. आता पळून जाणं शक्य नव्हतं, कारण जिना अरुंद होता आणि त्यावर मालक उभे होते.

पहिल्या पिंपातला घोट तिने ओढला, फिरवला, थुंकला. "स्वच्छ. तुरटपणा मागे जाऊन बसतो, खरवडत नाही." एवढं जिभेला कळत होतं. दुसऱ्या पिंपातला घोट ओढला. फिरवताना ती थांबली. मग थुंकली आणि ताडकन म्हणाली, "ओला पुठ्ठा."

ताई स्टुलावरून उठली. "ऐकलंस?" तीन आठवड्यांत ती भावाशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

मालकांनी ग्लास हुंगला. पुन्हा हुंगला. "मला नाही येत."

"मलाही नाही," दंतकथा म्हणाली. "मला हातमोजे."

दुसरं पिंप बाटल्यांत भरायचं नाही, असं ठरलं. मालकांचा चेहरा पडला. ताईने पहिल्या पिंपातले दोन ग्लास भरून दिले आणि या वेळी कुणालाही थुंकू दिलं नाही.

बाहेर उन्हात, वेलींच्या दोन ओळींच्या मध्ये, चहाटळ मटकन खाली बसली.

"भारी थाप मारलीस," दंतकथा म्हणाली.

"थाप होती का, तेच कळत नाहीये मला. दमट माल आला की आम्ही ओला पुठ्ठा लिहितो. हजार वेळा लिहिलंय. खरंच वास आला, की तोंडाने आपोआप म्हटलं?"

"पण थांबलीस तू. मी पाहिलं."

"थांबले. का थांबले ते सांग."

मग नुसता धुमाकूळ झाला. चहाटळने माती हुंगली, पानं हुंगली, दंतकथेची पर्स, दंतकथेचा बूट, शेवटी दंतकथेचा मोजा. पाहुणे काचेतून बघत होते. दंतकथा एका पायावर उभी राहून इतकी हसली की वेलीच्या तारेला लोंबकळली. वास कशाचाच आला नाही. रविवारी उरलेल्या दोन मळ्यांत बावीस ग्लास झाले. तिथेही नाही. तरी येताना गाडीत दोघी गात होत्या, आणि एकीलाही सूर नव्हता.

सोमवारी दहा वाजता परीक्षा सुरू झाली. अकरा वीसला एका पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून दंतकथेने फोन पाहिला.

"झालं," चहाटळने लिहिलं होतं. "अकरा कप कोरे सोडले. वरती लिहिलं, ताप आल्यापासून वास येत नाही. नवव्या कपापुढे लिहिलं, ओला पुठ्ठा. तो कप चाखताना पुन्हा थांबले गं."

निकाल चार वाजता सांगणार होते. सव्वाचारला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि नववा कप घेऊन यायला सांगितलं. पाच वाजले तेव्हाही केबिनचं दार बंदच होतं.